पूर्वेचं आकाश दिसत नाही

रविवारी सकाळी साडेसातला शालनताई तावरे वारज्यातल्या आपल्या गल्लीतून बाहेर पडत तेव्हा त्यांच्या एका हातात खडूची डबी असे आणि दुसऱ्यात ओलं फडकं. वाटेत कुणी "काय ताई, या आठवड्यात काय?" असं विचारलंच तर त्या थांबत नसत. "फळ्यावर वाचा," एवढंच म्हणत. तोंडी सांगितलेलं हवामान माणूस आपल्या सोयीने ऐकतो असं त्यांचं मत होतं, आणि शालनताईंचं मत बदलायच्या भानगडीत वारज्यात कुणी पडत नसे.

फळा उत्तरेश्वरच्या पिठाच्या गिरणीच्या भिंतीवर, पत्र्याच्या पडवीखाली टांगलेला. वर पक्क्या रंगात लिहिलेलं : 'वारजे – आठवड्याचे हवामान'. पुण्याचे नव्हे. पुण्याचं रेडिओ सांगतो, पेपर सांगतो, आणि त्याच दिवशी कोथरूडला पन्हाळी वाहतात नि वारज्यात धुणं वाळतं. रविवारी ताई सात दिवसांचा अंदाज लिहीत. मग रोज दुपारी एक वाजता घराच्या गच्चीवरून आकाश बघून येत आणि त्या दिवसाची एक ओळ खाली वाढवत. ओळीच्या शेवटी सही : 'शा. ता.' ज्याने आकाश बघितलं त्याने सही करायची, ही त्यांची वेधशाळेतली सवय.

वेधशाळेत त्यांनी एकतीस वर्षं काढली. साहेब म्हणून नाही हो, निरीक्षक म्हणून. ठरल्या वेळी गच्चीवर जायचं, ढग बघायचे, वहीत मांडायचे. वर बघायचा पगार घेणारी बाई आमच्याच घरात निघायची होती, असं सासूबाई शेवटपर्यंत म्हणत राहिल्या. मग देशात वारं बदललं, संगणक आले, आपोआप नोंदी करणारी यंत्रं आली, आणि त्यांच्या मागोमाग स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज आला. ताईंनी सही केली, घरी आल्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता स्वतःच्या गच्चीवर चढल्या. डोळ्यांना कुणी निवृत्ती दिली नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, हिंजवडीच्या बसा रोज सकाळी पोरांनी भरून जातात, घराघरांत इंटरनेट यायला लागलंय, तिथे फळा कोण वाचतो? मथुराबाई पासलकर वाचत. त्या आणि त्यांच्या गटातल्या अकरा बायका उन्हाळ्याचे तीन महिने पापड, सांडगे, कुरडया घालत. निम्मा माल कुणाच्या ना कुणाच्या मुलाच्या बॅगेतून अमेरिकेला पोचे. कुरडईचे गहू तीन दिवस भिजवायचे, वाटायचे, चीक काढून शिजवायचा आणि चौथ्या दिवशी कुरडया घालायच्या. त्या दिवशी ऊन हवं म्हणजे हवंच. ते मिळेल की नाही हे फळा सांगे, आणि पाच वर्षांत फळ्याने त्यांना एकदाही तोंडघशी पाडलं नव्हतं.

सहाव्या वर्षी, एप्रिलच्या पहिल्या बुधवारी, पाडलं.

त्या दुपारी ताई नेहमीसारख्या गच्चीवर गेल्या. पश्चिम स्वच्छ, उत्तर स्वच्छ, दक्षिण स्वच्छ. पूर्वेला ग्लोरिया टॉवर्स. दीड वर्षापूर्वी तिथे नुसता खड्डा होता, आणि आता हिरव्या जाळीत गुंडाळलेले अकरा मजले उभे होते. ताईंच्या गच्चीवरून पूर्व म्हणून जी काय होती ती सगळी या इमारतीने गिळली होती. ऊन रणरणत होतं, गुडघे दुखत होते, तीन बाजू स्वच्छ होत्या. ताईंनी चौथीही तशीच धरली आणि फळ्यावर लिहिलं : 'चारही बाजू निरभ्र. संध्याकाळपर्यंत कोरडे. शा. ता.'

साडेतीनला टॉवरच्या डोक्यावरून काळा ढग पुढे आला. चारला गारा पडत होत्या. चाळीस किलो गव्हाच्या कुरडया मथुराबाईंच्या गच्चीवर पुन्हा चीक होऊन पन्हाळीतून रस्त्यावर आल्या.

ताई छत्री न घेताच मथुराबाईंकडे गेल्या. अकरा बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. शिव्या पडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"ताई," मथुराबाईंनी विचारलं, "तुम्ही चारी बाजू बघितल्या हुत्या का?"

"तीन बघितल्या."

"आन् चौथी?"

"चौथी दिसत नाही. टॉवर आलाय."

"मग दिसत न्हाई, आसं लिवायचं."

ताईंना ते कानफटात मारल्यासारखं लागलं, कारण हाच नियम त्यांनी वेधशाळेत नव्या मुलांना घोकून घोकून शिकवला होता. आकाशाचे आठ भाग करायचे आणि त्यातले किती ढगांनी भरलेत तो आकडा लिहायचा. काहीच नाही तर शून्य, सगळं भरलं तर आठ. पण दाट धुक्यात आकाशच दिसेनासं झालं तर अंदाजाने काही ठोकून द्यायचं नाही, नऊ लिहायचं. नऊ म्हणजे दिसत नाही. एकतीस वर्षांत त्यांनी शेकडो वेळा नऊ लिहिलं होतं आणि त्याची लाज कधी वाटली नव्हती. आता स्वतःच्या गच्चीवर, कुणी विचारणारं नसताना, त्यांनी न बघितलेल्या आकाशावर सही केली होती. स्वतःचा असा संताप त्यांना आयुष्यात आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर दोन ओळी होत्या. 'कालचा अंदाज चुकला. चूक माझी. शा. ता.' आणि त्याखाली : 'पूर्व – ९. पूर्वेचे आकाश दिसत नाही. कारण : ग्लोरिया टॉवर्स. शा. ता.'

पहिली ओळ त्यांनी तीन दिवसांनी पुसली. दुसरी रोज नव्याने लिहीत राहिल्या.

गिरणी बरोबर टॉवरकडे वळायच्या कोपऱ्यावर. फ्लॅट बघायला येणाऱ्या गाड्या तिथेच लागायच्या. नवरा-बायको उतरायचे, फळा वाचायचे, वर टॉवरकडे बघायचे आणि एकमेकांकडे बघून हसायचे. आठवड्याभरात बिल्डरचा विक्री अधिकारी शुभंकर खाली आला. तिशीचा, गळ्यात ओळखपत्र, हातात दोन मोबाइल. मुलगा सभ्य होता, त्याला फक्त घाई फार.

"मॅडम, ॲक्च्युअली ही लाइन थोडी निगेटिव्ह जाते," तो म्हणाला. "क्लायंट विचारतात, हे काय आहे म्हणून."

"त्यांना म्हणावं, पूर्व आहे."

"तसं नाही मॅडम. आता नेटवर पाच दिवसांचा फोरकास्ट येतो. पुण्याचा."

"पुण्याचा येतो ना? पुण्याला द्या. यात खोटं काय आहे ते दाखवा, आत्ता पुसते."

शुभंकरने फळा दोनदा वाचला. खोटं काही सापडलं नाही. मग त्याने खिशातून एक किल्ली काढली.

"ही आमच्या गच्चीची. अकरावा मजला, लिफ्ट सुरू झालीये. तुम्ही रोज वर या, बघा. अख्खं पुणे दिसतं मॅडम, पार पलीकडचे डोंगर. फक्त ही लाइन काढून टाका."

ताईंना मोह झाला, खोटं कशाला बोला. अकराव्या मजल्यावरून आकाश! वेधशाळेतसुद्धा एवढी मोकळी जागा नव्हती. किल्ली त्याच्या तळहातावर होती आणि ताईंनी ती डोळे भरून बघून घेतली.

"किल्ली तुमची," त्या म्हणाल्या. "ज्या दिवशी तुम्हाला अडचणीचा ढग येईल त्या दिवशी ती सापडायची नाही. आणि मी वर चढले म्हणून खालून पूर्व दिसायला लागत नाही. खिशात ठेवा."

त्याने ती खिशात ठेवली, आणि शनिवारी संध्याकाळी तो ताईंकडे न येता उत्तरेश्वरकडे गेला.

रविवारी ताई फडकं घेऊन आल्या तर भिंतीवर नुसता खिळा. उत्तरेश्वर पट्टा सारखा करायचं निमित्त करून पाठमोरा उभा. बार्शीकडचा माणूस, पंधरा वर्षांपूर्वी एक ट्रंक घेऊन आला आणि दुसऱ्याच्या पडक्या शेडमध्ये गिरणी टाकून बसला. त्याला पक्क्या गाळ्याचं स्वप्न पडायचं हे सगळ्या वारज्याला माहीत होतं.

"ताई, त्यांच्या शॉपिंग सेंटरमधी गाळा द्यायलेत मला," तो मागे न वळता म्हणाला. "शटर हाय, पाण्याचा नळ हाय. फकस्त फळा नको म्हनले."

"भिंत तुमची, खिळा तुमचा," ताई म्हणाल्या. "फळा माझा आहे. तो द्या."

गव्हाच्या पोत्यांमागून त्याने फळा काढून दिला. त्याला वाटलं ताई तो घेऊन घरी जातील. ताईंनी गिऱ्हाइकांसाठी ठेवलेलं स्टूल उचललं, रस्त्याच्या कडेला सरकारी जागेत ठेवलं, त्यावर बसल्या आणि फळा मांडीवर उभा धरून त्यावर आठवडा लिहायला घेतला. सात दिवस लिहिले, शेवटची ओळ लिहिली, सही केली, आणि तशाच बसून राहिल्या. फळ्याच्या वर फक्त पांढरे केस आणि चष्मा दिसत होता.

आठ वाजले, नऊ वाजले, पडवीच्या सावलीबाहेर ऊन तापलं. भाजीला निघालेल्या बायका थांबून वाचायला लागल्या. एका आजोबांनी "हे काय नवीन?" म्हणून विचारलं, तर ताई म्हणाल्या, "भिंत मिळेना, म्हणून मी भिंत झाले." मथुराबाई आल्या, काय झालंय ते एका नजरेत ओळखलं आणि ताईंच्या डोक्यावर आपली छत्री धरून उभ्या राहिल्या. दळण घेऊन आलेली गिऱ्हाइकं हे बघत आणि डबा न उतरवता उत्तरेश्वरकडे बघत. तोंडाने कुणी काही म्हणालं नाही, पण पुण्यातली माणसं न बोलता किती बोलतात ते त्याला पंधरा वर्षांत कळलं होतं.

अकरा वाजता गिरणी बंद झाली. उत्तरेश्वर हातोडी घेऊन बाहेर आला. जुना खिळा त्याने उपटला, त्याच्या दुप्पट जाडीचा एक ठोकला आणि ताईंच्या मांडीवरचा फळा उचलून त्यावर अडकवला.

"आन् गाळा?" मथुराबाईंनी विचारलं.

"जाऊ द्या की," तो म्हणाला. "हितं खिळा तरी माझाच हाय."

ताईंनी पदराने चष्मा पुसला आणि उत्तरेश्वरच्या हातून पाणी घेतलं.

पण मथुराबाई व्यवहारी बाई. घरी जाता जाता त्या म्हणाल्या, "दिसत न्हाई लिवलं ते ब्येस झालं. पन आमी कुरडया घालायच्या का न्हाई? रोज चिठ्ठ्या टाकायच्या का आता?" मग त्यांनीच मार्ग काढला. त्यांची धाकटी जाऊ हेमा वाघोलीला कॉलेजच्या फाटकासमोर एसटीडी बूथ चालवायची. पूर्वेचा ढग वारज्याला यायच्या आधी तासभर वाघोलीवर येतो, हे ताईंना तोंडपाठ होतं. गिरणीत फोन होता. राहिला प्रश्न हेमाला ढग कळायचा.

ताईंनी तिला फोनवरच शिकवायला घेतलं. उत्तरेश्वर चक्की थांबवायचा, कारण त्याशिवाय ऐकू येत नसे, आणि मग तोही कान देऊन ऐकायचा.

"कुकरची शिट्टी नीट बघितलीस कधी?" ताई विचारायच्या. "अगदी तोंडाशी काही दिसत नाही. बोटभर वर पांढरं दिसतं. दिसत नाही ती खरी वाफ. गार झाली की तिचे बारीक थेंब होतात, ते पांढरं. ढग म्हणजे तेच. उन्हाने जमीन तापते, जमिनीलगतची हवा तापून वर चढते, वर जाईल तशी फुगते आणि गार होते. मग तिच्यातली वाफ हवेतल्या धुळीच्या कणांना धरून थेंब होते. ज्या उंचीवर थेंब व्हायला लागतात ती एका दिवशी आसपास सगळीकडे साधारण सारखीच. म्हणून अशा ढगाचा तळ सपाट असतो, खालून सुरीने कापल्यासारखा."

"आन् वरून?" हेमा विचारायची.

"वरून कोबीचा गड्डा. नुसते गड्डे दिसले तर घाबरायचं नाही. पण गड्डा वाढत वाढत गेला, आणि वरचं डोकं पसरून चपटं झालं, की समोर गिऱ्हाईक असलं तरी मला फोन कर."

"किती भाग भरलेत ते कसं वळखायचं?"

"आकाशाची भाकरी धर. आठ तुकडे कर. किती तुकड्यांवर ढग आहे ते मोज."

हेमा दोन आठवड्यांत तयार झाली. फळ्यावर आता रोज तीन ओळी. ताईंची ओळ, मग 'पूर्वेचे आकाश इथून दिसत नाही. कारण : ग्लोरिया टॉवर्स', आणि मग 'वाघोलीहून पूर्व – १. हे. पा.'

अक्षय्य तृतीयेला ग्लोरिया टॉवर्सच्या बुकिंगचा मुहूर्त होता. समोरच्या मैदानात मांडव, पण वर छत नाही, नुसत्या झिरमिळ्या आणि दिव्यांच्या माळा. दोनशे खुर्च्या, सनई, पेढ्यांची खोकी. आसपास राहणाऱ्यांनाही बोलावणं होतं. पाचचा मुहूर्त. आणि त्याच दिवशी मथुराबाईंच्या गच्चीवर साठ किलो गव्हाच्या कुरडया पसरलेल्या, मागची भरपाई करायला घातलेल्या.

सव्वातीनला गिरणीतला फोन वाजला. उत्तरेश्वरला ताईंना बोलवायला धावत जायची गरज पडली नाही, त्या स्टुलावरच बसून होत्या. "आठातले सहा," हेमा सांगत होती. "डोकं चपटं झालंय. तळ काळा ठिक्कर. हितं धूळ उडायलीये, दोन थेंब बी पडले." ताईंनी फोन ठेवला आणि फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं : 'वाघोलीहून पूर्व – ६. साडेचार ते पाच वादळी पाऊस. वाळवण उचला. मांडवातल्यांनी सावध राहावे. हे. पा., शा. ता.'

शुभंकर मांडवातून धावतच आला. डोक्यावर फेटा होता, तो एका बाजूला कलंडला होता.

"मॅडम, प्लीज. आजचा दिवस. एकच तास. गेस्ट यायला लागलेत, कोपऱ्यावर उतरून आधी हे वाचतात. आमचे सर आहेत, माझी सगळी बुकिंग्ज आज आहेत." त्याने वर बोट दाखवलं. "बघा ना, एक ढग नाहीये."

वर खरंच निळं स्वच्छ आकाश होतं आणि ऊन डोळ्यांत खुपत होतं.

"वर काय बघता? पूर्वेला बघा."

शुभंकरने पूर्वेला बघितलं. तिथे त्याचा टॉवर होता.

चौकात माणसं जमली होती. मथुराबाई गच्चीच्या कठड्याशी उभ्या राहून खाली बघत होत्या. साठ किलोच्या अर्धवट वाळलेल्या कुरडया. उचलल्या आणि पाऊस आला नाही तर मोडून चुरा, नाही उचलल्या आणि आला तर पुन्हा पन्हाळीत. ताईंनी कधी न बघितलेल्या ढगावर, फोनवर शिकवलेल्या पोरीच्या शब्दावर सगळं टांगलेलं होतं. तरी ताईंचा आवाज चढला नाही की उतरला नाही.

"गच्चीची किल्ली तुमच्याकडे आहे ना?" त्या म्हणाल्या. "वर जा. वाघोलीकडे बघा. ढग नसला तर खाली येऊन मला सांगा. सगळ्यांसमोर मी हा फळा कोरा करीन आणि पुन्हा खडू हातात धरणार नाही."

"नक्की?"

"फळ्यावर लिहून देऊ?"

शुभंकर गेला. लिफ्टने अकरा मजले जायला आणि यायला असा कितीसा वेळ लागतो, पण तो बराच वेळ खाली आला नाही. ताई स्टुलावर बसून राहिल्या. वर गच्चीवर मथुराबाईंनी कुणाचीच वाट बघितली नाही. "उचला गं," एवढं म्हणाल्या, आणि अकरा बायका खाली वाकल्या.

शुभंकर आला तेव्हा फेटा त्याच्या हातात होता. तो ताईंकडे न येता आधी मांडवात गेला, आणि चौकातल्या सगळ्यांनी ऐकलं की खुर्च्या आत पार्किंगमध्ये घ्या, साउंडवाल्याला वायर काढायला सांगा, म्हणून तो ओरडतोय. कुणीतरी मोठ्या माणसाने त्याला काहीतरी सुनावलं, त्याने मान खाली घालून ऐकलं आणि पुन्हा खुर्च्या उचलायला लागला. मग तो गिरणीपाशी आला. त्याचा चेहरा उतरला होता.

"आहे," तो म्हणाला. "खूप मोठा आहे. मी असला कधी बघितला नव्हता. तळ खरंच सपाट आहे त्याचा."

ताईंनी खडू पुढे केला.

"मी काय करू?"

"बघितलंत ना? ज्याने बघितलं त्याने सही करायची."

"मॅडम, माझे सर तिथे उभे आहेत."

"दिसतायत मला. ढगही दिसेल त्यांना आता. लिहा."

शुभंकरने एकदा मांडवाकडे बघितलं. धुळीची पहिली वावटळ झिरमिळ्यांत शिरली होती आणि दिव्यांच्या माळा खांबांवर आपटत होत्या. त्याने खडू घेतला. 'हे. पा., शा. ता.' च्या पुढे, नवशिक्या वाकड्या अक्षरांत, त्याने लिहिलं : 'शु. कु., अकरावा मजला'. मग वरच्या ओळीकडे, पूर्वेच्या त्या ओळीकडे त्याची नजर गेली.

"हे आता पुसायचं का?" त्याने विचारलं. "म्हणजे, आता कळलंच ना सगळ्यांना."

"टॉवर हलला का?" ताई म्हणाल्या.

पत्र्यावर पहिली गार वाजली. मुहूर्ताला आलेले पाहुणे पेढ्यांची खोकी डोक्यावर धरून पळत पडवीत शिरले, आणि तिथे दाटीवाटीने उभं राहून, दुसरं करण्यासारखं काही नसल्यामुळे, फळा वरपासून खालपर्यंत वाचू लागले. ताईंनी स्टूल जरा बाजूला घेतलं, म्हणजे मागच्यांनाही दिसावं.